छातीतली दगडी

माझ्या सासऱ्यांच्या हाताला गुण होता, आणि तोच गुण आमच्या घराला नडला.

व्यालेल्या गाईची कास सुजून दगडासारखी टणक झाली की आमच्याकडं त्याला दगडी म्हणतात. गाय मग हात लावू देत नाही, लाथा झाडते, दुधात गुठळ्या येतात. नव्वद सालानंतर घरोघरी संकरित गाया आल्या आणि दगडीही घरोघरी आली. केडगावच्या आसपासच्या वस्त्यांवरनं माणसं सासऱ्यांना बोलवायला यायची. सासरे जायचे, गरम पाण्यात फडकं बुडवून कास शेकायचे, हळद-तूप चोळायचे आणि अंगठा-बोटांनी सड पिळत बसायचे. गाय बरी झाली की लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या हाताला गुण हाय. नाही झाली तर म्हणायचे, गाईचं नशीब. दोन्हीकडनं म्हातारा मोकळा!

मी मिरजगावची. दहावी झाले, थोडं शिवणकाम शिकले आणि लग्न होऊन केडगावच्या पुढं ह्या वस्तीवर आले. घरात माणसं तीनच. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची आणि हे आबा म्हणायचे, हे, म्हणजे माझा नवरा, आणि मी. सासूबाई हे शाळेत असतानाच गेल्या होत्या. गोठ्यात पाच गाया. धारा काढायच्या, सायकलीला कॅन अडकवायचे आणि नगरच्या हॉटेलांना दूध घालून यायचं, हे ह्यांचं रोजचं काम. माणूस कामाला वाघ, बोलायला कंजूष. खोड म्हणावी अशी एकही नाही. पण एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच खटकली. हे अंगातला बनियन कधी काढायचे नाहीत.

मे महिन्यात आमच्याकडं कावळा झाडावरनं खाली येत नाही असं ऊन. वस्तीवरचे सगळे बाप्ये उघडे हौदावर बसून अंघोळी करायचे. हे मात्र न्हाणीचं दार ओढून आत जायचे आणि येताना ओल्या बनियनवर सुका शर्ट चढवूनच बाहेर. बनियन तरी कसला, दोन नंबर लहान, अंगाला चिकटलेला. पाठभर घामोळ्या. अंधारात माझा हात छातीकडं गेला की हळूच धरून बाजूला करायचे. मी नवी नवरी, डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. वाटलं, कुणा बाईचं नाव गोंदून घेतलंय की काय ह्यांनी? आणि एकदा हे डोक्यात शिरल्यावर मला चैन पडेना. कोण असेल ही सटवी, म्हणून मी मिरजगावापासून नगरपर्यंत सगळ्या बायका डोळ्यांपुढं आणल्या.

एका दुपारी सासरे कुणाच्या तरी गाईला बघायला गेले होते. मी सरळ विचारलं, "अवो, कुनाचं नाव हाय ते एकदा दावा तरी."

"कसलं नाव?"

"छातीवरचं."

ह्यांचा चेहरा असा पडला की माझा राग तिथंच निम्मा झाला. मग पाठ करून त्यांनी बनियन काढला आणि वळले. अंगानं काटकुळा माणूस, बरगड्या दिसतात, आणि छातीवर दोन्ही बाजूंना वयात येणाऱ्या पोरीसारखा उठाव. डावीकडं जरा जास्त. बघितलं न बघितलं तोच त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. मी बाईमाणूस, मला तो हात धरायचा ढंग ओळखीचा होता. एका पुरुषाला तसं उभं राहायला लागावं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. चौदा-पंधराचे असताना बोंडाखाली गाठ आली. सदरा घासला तरी कळ यायची. आई नव्हती, म्हणून बापाला दाखवलं. बापानं बोटानं चाचपलं आणि सांगितलं, "दगडी हाय. घाबरू नगं, आपुन लई काढल्यात." आणि रोज सकाळी गायांच्या धारा झाल्या की पोराला समोर बसवून सुरू! गरम पाण्याचं फडकं, हळद-तूप, आणि पिळणं. पोरगं दात आवळून बसायचं. कुणाच्या घरात हे घडेल, सांगा. पण जो जन्मात दुसरी विद्या शिकला नाही, तो माणूस दुसरं काय करणार? दाढी-मिशी फुटली तेव्हा पोरानं बापासमोर बसायचं सोडलं. पण पिळायचं सोडलं नाही. न्हाणीत दार लावून हे स्वतःच्या हातानं तेच करत आले होते, आत साखळलेलं कधीतरी निघून जाईल म्हणून.

मला हसू आलं नाही. राग आला, पण तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. मी एवढंच म्हणाले, "उद्यापासनं हात लावायचा न्हाई." ते हो म्हणाले आणि लावत राहिले, हे मला न्हाणीतल्या हळदीच्या डागांवरनं कळायचं.

वर्षभरात पोरगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मिरजगावला होते. हे तिसऱ्याच दिवशी एसटीनं आले. पोरीला उचलून त्यांनी शर्टाशी धरलं, आणि हा न बोलणारा माणूस माझ्या आईसमोर ढसाढसा रडला. आई म्हणाली, जावई लाखात एक मिळाला तुला. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि मग बारसं आलं. सासरची मंडळी मिरजगावला आली, त्यात माझ्या चुलतसासूबाईही होत्या. बाई मनानं वाईट नाही म्हणतात, पण जिभेला हाड नाही. माझी ओटी भरणं चाललं होतं, मांडी नारळ-तांदळानं भरलेली, त्यामुळं पोरगी रडायला लागल्यावर कुणीतरी तिला बापाकडं दिलं. तिचं रडं थांबेना. मी हात पुढं केला तर चुलतसासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, कशाला घाई करती? ऱ्हाऊ दे की बापापाशी. त्याच्याकडं बी सोय हाय!"

बायका फिदीफिदी हसल्या. मांडवाच्या कडेला बसलेले दोन-चार बाप्येही हसले. म्हणजे सासरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, नवीन फक्त मीच होते. ह्यांनी पोरगी जवळच्या बाईच्या हातात दिली, चपला घातल्या आणि गेले. जेवायलाही थांबले नाहीत. मला ओटी टाकून उठता येईना. त्या दिवशी मी जे गिळलं ते अजून घशात आहे.

मी वस्तीवर परत आले तेव्हा ह्यांनी पाळणा टांगून ठेवलेला होता, वर कापडाचे राघू शिवून आणलेले. पोरीसाठी जीव टाकायचे. दोरी ओढत बसायचे, तिच्याशी मला ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलायचे. पण उचलून घ्यायचे नाहीत. मी हातात दिलीच तर भरलेला कॅन धरावा तशी दोन हातांवर लांब धरायचे आणि लगेच परत. एकदा तिचं डोकं छातीवर आपटलं तर कळवळून खालीच बसले. हळूहळू कुणी देईना आणि हे मागेनात. पोरगी सासऱ्यांच्या खांद्यावर झोपायला शिकली. बाप समोर असून तिला बापाच्या अंगाचा वास ठाऊक नव्हता.

माझं सांगते. ह्यांची छाती सपाट व्हावी म्हणून माझा जीव अडला नव्हता. मला त्या छातीचं काहीच वाटत नव्हतं. पण माझ्या पोरीला बाप हवा होता, पाळण्याची दोरी ओढणारा गडी नको होता. आणि तो मी तिला मिळवून देणार, हे मी ठरवलं.

पोरीला डोस द्यायला नगरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारून टाकलं, "बाई, पुरुषाला छाती येते का?" त्यांनी काहीच विशेष नसल्यासारखं पोरीच्या मांडीवर कापूस चोळत सांगितलं, "येते की. तपासून घ्यायला पाहिजे." आणि एका सर्जनचा पत्ता सांगितला. येते की! एवढ्या दोन शब्दांसाठी माझा नवरा इतकी वर्षं ओल्या बनियनमध्ये कुढत होता.

घरी येऊन सांगितलं तर हे उसळले. इतकं मोठ्यानं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "तिथं कापडं काढायला लावत्यात. चार मानसं बघत्यात. मी न्हाई यायचा."

"बरं," मी म्हणाले, "मी तुमची पोरगी कशी जन्माला घातली, ठाव हाय का? तिथं पाच जनी हुत्या, आन त्यातली एक तर नुसती मीठ मागायला आल्ती. माझ्या अंगावर काय ऱ्हायलं हुतं का? आन तुमाला एक बनियन काढायला लाज वाटती!"

हे नुसती नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. मग मी जे खरं होतं तेच बोलले. म्हणाले, "तुमी पोरीला घेत न्हाई. ती उद्या चालाया लागंल, परवा शाळंत जाईल. मग घ्यायला ती तरी ऱ्हाईल का कडंवर?" त्यावर हे उठून गोठ्यात गेले. संध्याकाळी दूध घालून आले तेव्हा सायकल लावता लावता म्हणाले, "जाऊ. पन आबांना सांगू नको."

ते मात्र मी ऐकलं नाही. ऑपरेशन ठरलं तर धारा कोण काढणार, हे घरच्या माणसापासून लपतंय होय? दुसऱ्या दिवशी सासरे चहा पीत होते तेव्हा मी सांगितलं. म्हातारा कपबशी खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिला.

"सडाला हत्यार लावलं की गाय बाद हुती," सासरे म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढा सड गेलाच समज, वरनं कास सडती. कोन सुरी लावाय सांगतंय माझ्या पोराला?"

"मामा, हे गाय न्हाईत."

"अंग ते अंगच की, गाईचं काय आन मानसाचं काय!"

"मग गाईला तरी आता डॉक्टर सुई टोचतो का न्हाई? ह्यांना एक सुई बी न्हाई टोचली तुमी."

हे मी बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले, आणि परत घेतलं नाही. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोरीला मात्र खांद्यावर घेऊन तिला सगळं सांगायचे, "तुजी आई लई शानी झाली, बग." नगरला जायच्या सकाळी आम्ही निघालो तर म्हातारा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून दारात उभा. "मी येतो. मी इचारतो त्या डागदरला," म्हणाला. पोरीला कडेवर घेऊन आम्ही चौघं केडगावच्या स्टॉपवर गेलो. ह्यांनी वाटेत दोनदा सांगितलं की आज नको, आज गिऱ्हाईक खोळंबलं असंल.

सर्जन उतारवयाचे होते, बोलायला सावकाश. आधी त्यांनी विचारलं की दारू, गांजा घेता का, पित्ताच्या गोळ्या, ताकदीची औषधं, कुणी दिलेला काढा, असलं काही चालू आहे का. हे सगळ्याला नाही म्हणाले. मग डॉक्टर म्हणाले, शर्ट काढा. शर्ट निघाला. बनियनपाशी हात थांबले. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण आता मी काही बोलले असते तर हे दारातनं बाहेर पळाले असते. डॉक्टरांनी घाई केली नाही. शेवटी बनियन निघाल्याचा आवाज आला. नंतर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर पाठवून पोट, काखा, खालचं अंग असं सगळं तपासलं. रक्त तपासायला पाठवलं, मशीनवर छातीचा फोटो काढायला लावला. ते सगळे कागद घेऊन आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. म्हातारा पुन्हा पटका बांधून बरोबर.

त्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला ते जवळजवळ तसंच आठवतं. प्रत्येक पुरुषाच्या बोंडामागं एवढीशी गाठ असतेच, म्हणाले, ती निजलेली असते. पोरगं वयात येतं तेव्हा अंगातले रस वर-खाली होतात, त्यात ती पुष्कळ पोरांची फुगते. कुणी सांगत नाही म्हणून कळत नाही. बहुतेकांची दोन-तीन वर्षांत आपोआप जिरते. एखाद्याची जिरत नाही. आणि इतकी वर्षं राहिली की घट्ट होते, मग गोळ्यांनी जात नाही. जाड माणसाची नुसती चरबी असते ती बोटांत धरली की मऊ लागते. ह्यांना चरबी नावाला नाही, बोटाखाली चकतीसारखी गाठ सरकते. बाकी लिव्हर, रक्त, सगळं ठीक आहे. वाईट आजाराची ही गाठ वाटत नाही, तरी काढली की तपासायला पाठवू. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "आणि मर्दपणाचं म्हणाल तर त्यात काही उणं नाही. त्याचा पुरावा तुमच्या बायकोच्या मांडीवर रडतोय."

ह्यांनी तेव्हा पोरीकडं बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले.

सासरे मात्र तयारीनं आले होते. त्यांनी आपण काय काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. शेकणं कसं, हळद किती, पिळायचं कुठल्या बोटांनी, सगळं. सांगताना म्हाताऱ्याला जरा अभिमानही होता. डॉक्टर हसले नाहीत, ह्यासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, इथं दूध नाही, त्यामुळं साखळायला काही नाही. पिळून निघणार काय?"

म्हाताऱ्यानं एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हंजी मी केलं का हे?"

"नाही. गाठ तुमच्यामुळं आली नाही, आणि तुम्ही काही केलं नसतं तरी कदाचित जिरलीही नसती. पण रोज दाबून दाबून दुखणं मात्र कायम राहिलं. ते आता बंद करायचं."

सासरे म्हणाले, "मला दुसरं काय म्हाईत न्हवतं, सायेब. ह्याची आई असती तर तिला दावलं असतं त्यानं."

ह्यांनी बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या घरात मी आल्यापासून दोघांना एकमेकांना हात लावताना बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला भरून आलं, पण तेवढ्यात म्हातारा पुन्हा सावध झाला. "पन सडाला हत्यार लावलं की गाय बाद हुती, त्याचं काय?"

"गाईला दूध द्यायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "ह्यांना काय द्यायचंय?"

सासरे असे खो-खो हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले. ऑपरेशन तिथंच ठरलं.

आता कुणी विचारेल की एवढं सोपं होतं का. नव्हतं. भूल देऊन दोन्ही बाजू एकदमच केल्या. बोंडाच्या काळ्या गोलाच्या कडेनं अर्धचंद्रासारखी चीर घेऊन गाठ काढतात, म्हणजे पुढं व्रण दिसत नाही. दोन्हीकडनं बारीक नळ्या, छातीभर करकचून पट्टी. शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला शब्द होता, "गेली का?" घरी सोडल्यावर डावीकडं रक्त साचून पुन्हा सूज आली. ह्यांनी ती बघितली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. "परत आली. उगा कापून घेतलं मी." मी म्हणाले, परत येऊ दे न्हाईतर काय बी येऊ दे, उठा. रिक्षा केली आणि ह्यांना पुन्हा डॉक्टरांपुढं उभं केलं. त्यांनी सुईनं ते रक्त ओढून काढलं आणि पट्टी आणखी घट्ट बांधली. गाठीचा तपास आला, त्यात वाईट काही नव्हतं. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवला.

महिनाभर जड उचलायचं नाही, धारा काढायच्या नाहीत. म्हणजे पाच गाया माझ्या नशिबाला. सासऱ्यांच्या हातात आता तेवढं बळ नव्हतं. त्यातली एक मोठी तर अशी द्वाड की मी बसले की बादली लाथाडायची. आठवडाभर मी तिच्या लाथा खाल्ल्या आणि तिला शिव्या दिल्या. मग तिचं नि माझं जमलं. नगरला दूध न्यायला शेजारच्या माणसाच्या सायकलीवर मी कॅन द्यायची.

वस्तीवर बातमी फुटणारच होती. हे मला म्हणाले, "कुनी इचारलं तर अपेंडिक्स म्हन."

"अपेंडिक्स पोटात असतं. पट्टी छातीला हाय. लोक काय दूधखुळं हाईत का?"

"मग काय सांगनार?"

"जे हाय ते."

आणि सांगितलंही. पिठाच्या गिरणीवर चुलतसासूबाई भेटल्याच. चार बायकांत त्यांनी साळसूदपणे विचारलं, काय गं, कशाचं आप्रेशन? मी दळणाचा डबा खाली ठेवला. "छातीचं, आत्याबाई. वयात येताना पोरांना गाठी हुत्यात, पुष्कळांना हुत्यात, तुमच्या नातवाला बी झाल्या असतील, बघा. जिरल्या न्हाईत तर काढत्यात. ह्यांच्या काढल्या. बारशाला तुमी सगळ्यांना सांगितलंच हुतं, आता हे बी सांगा." गिरणीचा पट्टा फिरत होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. चुलतसासूबाई पीठ न घेताच कुठंतरी बघत राहिल्या. पुढच्या महिन्यात गिरणीवरच्या त्या चौघींतलीच एक बाई माझ्याकडं येऊन हळूच त्या सर्जनचा पत्ता विचारून गेली. तिच्या भावासाठी हवा होता.

पट्टी गेली, टाके गेले, पट्टीनंतर छाती आवळून धरायला दिलेलं घट्ट जाकीट घालायचे दिवसही संपले. डावीकडं थोडा खळगा राहिला आणि बोंडांना बधिरपणा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाणीव येईल, नाही आली तरी काही बिघडत नाही. आता पोरीला घ्यायला हरकत नाही, असंही म्हणाले. मी ह्याच वाक्यासाठी थांबले होते.

तोवर पोरगी धरून उभी राहायला लागली होती. माणसं ओळखायला लागली होती. मी दिसले की खिदळायची, आजा दिसला की झेप घ्यायची. त्या संध्याकाळी हे हौदावर, सगळ्यांच्या देखत, उघड्या अंगानं अंघोळीला बसले. शेजारचे आपापलं अंग चोळत राहिले, बघण्यासारखं काही नव्हतंच. पंच्यानं अंग पुसत हे अंगणात आले आणि हात पुढं करून म्हणाले, "ये."

पोरगी माझ्या मानेला मिठी मारून किंचाळली. असा उघडा बाप तिनं कधी बघितला नव्हता, आणि त्या हातांत ती कधी राहिली नव्हती. ह्यांनी पुन्हा हात पुढं केले, तिनं तोंड फिरवलं आणि आणखी मोठा सूर काढला. ह्यांचे हात खाली आले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "सवय न्हाई तिला माझी." आणि दोरीवरच्या शर्टाकडं गेले.

माझं टाळकं सटकलं. एवढं कापून घेतलं, एवढं रक्त ओढून काढलं, ते काय शर्ट घालायला? मी त्यांच्या हातातला शर्ट ओढून घेतला, रडणारी पोरगी त्यांच्या हातात कोंबली, बादली उचलली आणि गोठ्यात जाऊन फळी आडवी लावली. सासरे बाहेरनं ओरडले, "अगं, पोर काळीनिळी झाली, घे तिला!" मी आतनं ओरडले, "मामा, तुमी मधी पडू नका!"

एकेका गाईची धार काढत होते आणि पोरीचं रडणं ऐकत होते. दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. फटीतनं बघितलं तर हे अंगणात येरझाऱ्या घालत होते. पोरगी त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत होती, पाय झाडत होती, आणि हे तिला लांब धरत नव्हते. काहीतरी बोलत होते तिच्याशी, पण ते मला ऐकू येत नव्हतं.

पाचवी गाय झाली तेव्हा रडण्याचे हुंदके झाले होते. मी भरलेली बादली घेऊन बाहेर आले. मला बघून पोरीनं पुन्हा तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडं दोन्ही हात पसरले. माझ्याच्यानं राहवेना. मी बादली ठेवून हात पुढं केले.

ह्यांनी पाठ फिरवली. पोरीला छातीशी घट्ट धरून, तिचं तोंड पलीकडं करून मला म्हणाले, "न्हाई देनार. जा, तुला गोठ्यात काम हाय अजून."

धारा तर सगळ्या काढून झाल्या होत्या. तरी मी परत आत गेले आणि गायांमध्ये उभी राहून पोटभर रडले.